राखलेलं फूल

परवा आम्ही वेरिबीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो, नळाचा वॉशर आणायला. तिथे कुंड्यांच्या रांगेत एक रोप दिसलं. गुडघ्याएवढं, पानांच्या कडा करवतीसारख्या, आणि शेंड्यावर लाल बोंड, मुठीएवढं, अजून मिटलेलं. मी तिथेच थांबले. नात म्हणाली, "आजी, कम ऑन, इट्स जस्ट अ प्लांट." मी म्हटलं, तू हो पुढे, आईला सांग मी येते. आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्या रोपाला चार शब्द सुनावले. म्हातारपणी माणसं झाडांशी बोलतात म्हणे. मी भांडते.

वॉराटा म्हणतात त्याला. सप्टेंबर लागला की हे लाल बोंड कुठे ना कुठे डोकं वर काढतं आणि माझी सकाळ नासते. बाकी इथे सप्टेंबर म्हणजे वसंत, तो गोडच. वॅटलच्या फुलांचा पिवळा धुरळा उडतो, कपडे पुन्हा बाहेर वाळायला लागतात, मॅग्पाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून मुलं सायकलवर हेल्मेट घालून हसत जातात. मला मात्र त्या सगळ्यात एक कुंपण दिसतं आणि कुंपणापलीकडे एनिडबाई.

त्या एका सप्टेंबरात मी तिचं फूल तोडलं. अकरा वर्षं तिने त्या झाडाला फूल यायची वाट पाहिली होती. तिचे डोळे चालले होते, आणि ते जायच्या आत तिला ते एक फूल कागदावर उतरवायचं होतं. तोडताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक झाल्यावरही मी जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं. तेच सांगायचंय. सरळ सांगणं मला जमत नाही, आधी घर सांगावं लागेल.

घर क्लेटनचं, इथल्या युनिव्हर्सिटीजवळच्या वस्तीतलं. तीन खोल्यांचं, विटांचं, आणि आत माणसं आठ. माझी मेधा युनीत मास्टर्स करत होती, जावई टॅक्सी चालवत होते, आणि भाडं परवडावं म्हणून बाकी खोल्यांत आणखी पाच जण. मी धरून आठ. मी चिंचवडहून आले होते लेकीच्या मदतीला, पण आठ माणसांच्या पोळ्या करणाऱ्याला मदत म्हणत नाहीत, खानावळ म्हणतात. त्या वर्षांत सगळं क्लेटन असंच होतं. दिव्याच्या प्रत्येक खांबावर 'रूम मिळेल, व्हेज ओन्ली' अशी चिठ्ठी, रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या गाद्या, आणि त्याच गाद्या संध्याकाळी डोक्यावर घेऊन निघालेली आपली मुलं. समोरच्या खोलीत लुधियानाची हरलीन होती, अकाउंटिंग शिकणारी. मला आंटीजी म्हणायची आणि पीठ मळून द्यायची. तिच्या हाताला मऊ कणीक यायची, माझ्यापेक्षा मऊ, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आणि शेजारी एनिडबाई. शेवग्याच्या शेंगेसारखी उंच, वाळकी. अंगात कायम पुरुषी शर्ट, गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं भिंग, नखांत हिरवा रंग. ती फुलांची चित्रं काढते एवढं ठाऊक होतं, कारण खिडकीशी बसलेली दिसायची, आणि कारण ती आम्हाला पत्रं लिहायची.

ती पत्रं काय सांगू. साय रंगाचा जाड कागद, वरच्या कोपऱ्यात नखाएवढं फूल रंगवलेलं, इतकं सुबक की वास येईल. मजकूर मात्र कारल्याचा. एकदा कोपऱ्यात जांभळी व्हायोलेट आणि खाली, 'तुमचे कचऱ्याचे डबे मंगळवारपासून रस्त्यावर आहेत. आज शुक्रवार.' एकदा डेझी, आणि खाली, 'तुमच्या स्वयंपाकघरातून सकाळी सहा वाजता जळक्या मोहरीचा वास येतो.' मोहरी जळकी नव्हती, तडतडलेली होती. हे तिला कळव असं मी मेधाला सांगितलं. मेधाने कळवलं नाही.

मीही काही देवमाणूस नव्हते. ती खिडकीशी बसली की मी नेमका तेव्हाच मागच्या ओट्यावर लसूण कुटायला घ्यायचे. फरशी पुसायची फडकी तिच्या बाजूच्या कुंपणावर वाळत घालायचे, दुसरी जागा असून. ती मला बघून मान वळवायची, मी तिला बघून घसा खाकरायचे. दोन बायकांना भांडायला एक भाषा लागते असं कुणी म्हणत असेल तर त्याने आमचं कुंपण बघितलेलं नाही.

तिच्या रागाचं कारण मला फार उशिरा कळलं. अठरा वर्षं ती दर शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये चित्रकलेचा वर्ग घ्यायची. आमची मुलं आली, घोळक्यांनी आली, आणि हॉलवाल्यांनी ती खोली इंग्रजीच्या परीक्षेच्या कोचिंगला देऊन टाकली. एनिडबाईचा वर्ग बुधवारी संध्याकाळी, हॉलच्या स्वयंपाकघरात. संध्याकाळी उजेड नाही, आणि उजेड नसेल तर फुलाचा रंग कसा कळणार. दोन महिन्यांत वर्ग बंद. खोली ज्या कोचिंगने घेतली त्यात आमची हरलीन पहिल्या बाकावर. आता सांगा, त्या बाईने आम्हाला टोळधाड म्हटलं तर नवल ते काय. तेव्हा मात्र मला नवलही वाटलं नाही आणि कारणही शोधावंसं वाटलं नाही. गोरी आहे, गोऱ्या अशाच, म्हणून मी मोकळी झाले.

आता फुलं तोडण्याचं. आपल्याकडे सकाळी फिरायला जाणारी बाई हातात पिशवी घेऊन जाते, आणि कुणाच्याही कुंपणाबाहेर आलेलं फूल त्या पिशवीत जातं. याला आपण चोरी म्हणत नाही. देवासाठी तोडलेल्या फुलाला मालक नसतो, असं माझी सासू म्हणायची, आणि स्वतःच्या तगरीची मात्र पहाटे उठून राखण करायची. मी क्लेटनमध्येही पिशवी घेऊनच फिरायचे. मेधा म्हणायची, "आई, इथे असं करत नाहीत गं, कुणीतरी बोलेल." मी म्हणायचे, बोलू दे, मला कुठे कळतंय.

त्या वर्षी गणपती उशिरा आले, सप्टेंबरच्या मध्यात. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून माती आणून मी वीतभर मूर्ती घडवली होती. सोंड जरा जाड झाली, पण बसला होता ऐटीत. दूर्वा नव्हत्या, लॉनचं गवत निवडून घेतलं. मोदक झाले. अडलं ते लाल फुलावर. जास्वंद या हवेत फुलत नाही, आणि आमच्या घरचा गणपती लाल फुलाशिवाय कधी बसला नव्हता. चतुर्थीच्या सकाळी मी आंघोळ करून मागच्या अंगणात गेले आणि बघते तो कुंपणावरून एक फांदी आमच्या बाजूला झुकलेली, आणि तिच्या टोकाला ते. लाल म्हणजे किती लाल. नारळाएवढं नाही, पण मोठ्या डाळिंबाएवढं नक्की. खालच्या बाजूने उमलायला लागलेलं.

देठाला पांढरा दोरा बांधलेला होता. तो मी पाहिला, हे मला कबूल करायला हवं. माझ्या माहेरी वेलीवरची एखादी काकडी बियाण्याला राखायची असली की तिला चिंधी बांधतात, म्हणजे घरातलं कुणी हात लावत नाही. तेव्हा हे फूल राखलेलं आहे, एवढं मला कळलं होतं. पण फूल राखायचं ते कशाला? काकडी बियाण्याला राखतात, फूल देवालाच राखतात. दुसरं काही कारण माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि आलं असतं तरी, फांदी आमच्या बाजूला होती. मी दोऱ्यासकट मोडून घेतलं.

गणपती एवढासा आणि फूल त्याच्या पोटाएवढं. डोक्यावर बसेना, म्हणून पायाशी ठेवलं. आरती झाली. आठही माणसं, हरलीन टाळ्या वाजवत, घर भरून गेलं. आणि दहाच्या सुमारास दार वाजलं.

एनिडबाई आत आली नाही, उंबऱ्यात उभी राहिली. हातात दोऱ्याचं रीळ. ती इंग्रजीत बोलत होती, मेधा मला मराठीत सांगत होती, आणि मेधा मधलं बरंच गाळते आहे हे माझ्या लक्षात येत होतं.

"आई, ती म्हणते ते फूल तिचं होतं."

"फांदी आपल्याकडे होती म्हणावं."

"ती त्याचं चित्र काढत होती गं. बोंड असल्यापासून. रोज थोडं. तिला ते परत हवंय, पाण्यात ठेवायला."

"देवाला वाहिलेलं उचलून कसं देऊ? वेडी आहेस का तू?"

मेधाने हे कसं सांगितलं देव जाणे. एनिडबाई माझ्याकडे न बघता चपलांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग सावकाश, मलाही कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, "एट पीपल. थ्री बेडरूम्स. मी फक्त कौन्सिलला फोन करायचा अवकाश आहे."

कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, आणि तीन खोल्यांत इतकी माणसं तिला चालत नाहीत. मेधाचा चेहरा उतरला. मग त्या दोघी बोलल्या, बराच वेळ, आणि तोडगा निघाला तो असा की फूल जागचं हलणार नाही, पण एनिडबाई इथे बसून चित्र काढेल. पुरं झालं की फोनचा विषय संपला. मला कुणी विचारलं नाही. मी नुसतं म्हटलं, दीड दिवसाचा आहे आमचा. उद्या दुपारी विसर्जन. जे काय करायचं ते तोवर.

तर बसली. खिडकीशी खुर्ची, मांडीवर फळी, स्टुलावर पांढऱ्या बशा आणि पाण्याचा ग्लास. ज्या घराचा तिला वास सोसत नव्हता त्या घरात, उदबत्तीच्या धुरात. चहा दिला, शिवली नाही. मोदक दिला, रुमालाने बशी लांब सारली. मी वाटीभर पाणी आणून ते फूल त्यात टेकवू शकले असते. देवाच्या पायाशी पाण्याची वाटी ठेवायला कुठल्या शास्त्राची आडकाठी नाही. तिने मेधाकरवी विचारलंही. मी म्हटलं, नाही.

एक गोष्ट मला डाचत होती. ती फुलाकडे सरळ बघतच नव्हती. तोंड खिडकीकडे फिरवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. मला वाटलं, आमच्या देवाकडे समोरून बघायचं नाही म्हणून हे नखरे. मी मेधाला तसं बोलले, जरा मोठ्यानेच.

"आई, हळू. तिच्या डोळ्यांचं मधलं गेलंय," मेधा म्हणाली. "समोर बघितलं तर तिथे काळा डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. तेही जाणार आहे. तिने चोवीस फुलांचा संच करायला घेतलाय. तेवीस झाली, हे शेवटचं. डॉक्टर म्हणालेत, पुढचा स्प्रिंग धरून चालू नका."

मी उठले. मोदकांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

काम करताना ती बोलायची, पण गप्पा मारल्यासारखी नाही, टोचून. तिचं सगळं आयुष्य मला असं टोमण्यांतून कळलं. इंग्लंडात वूस्टरजवळ तिचा बाप रोपवाटिकेत कामाला होता. बियाण्यांच्या पाकिटावरची चित्रं दाखवून तो मुलीला म्हणायचा, हे खोटं आहे, असं फूल उगवत नाही. म्हणून ती चित्रकला शिकली, खरं उगवतं तसं काढायला. चोविसाव्या वर्षी बोटीने इथे आली, मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला, दोन वर्षांसाठी. एकतीस वर्षं शिकवलं. झाडाचं एक पान, एक सहामाही, असा तिचा नेम. खोडरबर वर्गात आणायचा नाही. चुकलं ते दिसत राहू दे. मुली तिला घाबरायच्या, तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, पाठीमागे 'राणीसाहेब' म्हणायच्या. पहिली कित्येक वर्षं ती इथे बसून तिकडचीच फुलं काढत राहिली. इथली तिला फुलं वाटायचीच नाहीत, बाटल्या धुवायचे ब्रश वाटायचे. निवृत्त झाल्यावर एकदाचं इथलं काढायला घेतलं. वॉराटा तर या मातीत रुसणारं झाड. दोन मेली, तिसरं जगलं आणि अकराव्या वर्षी त्याला एक बोंड आलं.

हरलीनने मध्येच विचारलं, "डू यू मिस होम?"

एनिडबाई ब्रश धुता धुता म्हणाली, "या गावात मला चाळीस वर्षांत कुणी आपलं म्हटलं नाही. पण मी कुणाची फुलं तोडली नाहीत."

हरलीन उठून आत गेली. मला एनिडबाईचा राग आला, आणि मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, तू तोडतेस त्याला देठ नसतो एवढंच.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती पुन्हा हजर. फूल मलूल व्हायला लागलं होतं, कडा काळपट. ती भिंग लावून, मान वाकडी करून, घाईने. तिला घाई शोभत नव्हती. दुपारी नैवेद्य झाला, जेवणं झाली, मी अक्षता घेतल्या. उत्तरपूजा.

एनिडबाईने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. सरळ. म्हणजे त्या क्षणी मी तिला दिसत नसणार. "वन अवर," ती म्हणाली. "प्लीज."

'प्लीज' मला कळत होतं.

मेधा म्हणाली, "आई, तासाने काय होतंय? कुठे मुहूर्त आहे विसर्जनाला?"

मुहूर्त नव्हता. सासूबाई तर पुष्कळदा दिवेलागणीला करायच्या. हरलीन माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आंटीजी, जाने दो ना, एक घंटे की तो बात है."

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? ती साय रंगाची पत्रं. जळकी मोहरी. रुमालाने सारलेली मोदकाची बशी. मी म्हटलं, "आमच्यात वेळ टळू देत नाहीत." आणि अक्षता टाकल्या. मूर्ती उचलली, मागच्या अंगणात बादली भरून ठेवली होती तिच्यात सोडली, आणि वरून ते फूल, माझ्या हाताने. माती विरघळायला लागली. लाल फूल करड्या पाण्यात फिरत फिरत खाली गेलं. ती दारात उभी राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. बघून झाल्यावर तिने बशा धुतल्या, आमच्याच सिंकमध्ये, पुसल्या, आणि गेली.

मेधा एवढंच म्हणाली, "तू मुद्दाम केलंस." मी देवाकडे बोट दाखवलं. आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, पण देवाच्या आडून बोललेलं ते एकच.

तिने फोन केला. आठवड्याने कौन्सिलचे दोघे आले, हातात कागद लावलेल्या फळ्या, खोल्या मोजल्या, गाद्या मोजल्या. पाचांतल्या तिघांना जावं लागलं, त्यात हरलीन. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती गादी गुंडाळून टेम्पोत चढली, आणि जाताना मला म्हणाली, "कोई बात नहीं, आंटीजी." त्या पोरीने नंतर कुठे कुठे रात्री काढल्या ते मी विचारलं नाही. पण एनिडबाईला मी माफ केलेलं नाही, ते त्या गादीसाठी. मी सुरुवात केली होती हे मान्य. तिने तिऱ्हाईत मुलीवर सूड काढला हेही मान्य करायला कुणीतरी हवं. पत्रं थांबली. त्या कोपऱ्यातल्या फुलांशिवाय पत्रपेटी भुंडी दिसायची, आणि असं वाटतंय याचा मला संताप यायचा.

मी व्हिसा संपल्यावर परत गेले, आणि पुढच्या वर्षी मेधाच्या बाळंतपणाला पुन्हा आले. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेले. महिना संपत आला होता. मी बाळाला ऊन द्यायला मागच्या पायरीवर बसले होते आणि कुंपणापलीकडे ते झाड लालेलाल. जिथे मी मोडलं होतं तिथून चार फांद्या फुटल्या होत्या. सात फुलं. मी मान फिरवून बसले.

दोन दिवसांनी ती आमच्या अंगणात आली. एका हाताने कुंपण चाचपत, दुसऱ्या हातात बादली. बादलीत सातही, लांब देठांची. मला शोधत होती, म्हणून मी बाळाचा खुळखुळा वाजवला. ती आवाजाच्या दिशेने थांबली.

"फॉर युअर गॉड," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, कर भरायला आल्यासारखी.

माझं इंग्रजी तोवर जरा सुधारलं होतं. "गॉड गॉन," मी म्हटलं. "धिस मंथ ओन्ली, बिफोर. नाउ नेक्स्ट इयर."

तिने कुंपणावरचा हात फुलांवरून फिरवला. "मलाही नाही दिसत आता ही," ती म्हणाली. मग बादली पायरीवर ठेवली. "देन यू लुक. समबडी शुड." आणि कुंपण चाचपत गेली. हरलीनबद्दल एक शब्द नाही. मीही थँक्यू म्हटलं नाही.

बादली मी आत नेली नाही. पायरीवरच राहू दिली, रोज पाणी बदललं, आणि बाळ मांडीवर घेऊन बघत बसले. पहिल्या दिवशी मला नुसतं लाल दिसलं. तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं की हे एक फूल नाहीच. बोटाच्या पेराएवढे शेकडो वाकडे हुक एकाला एक लागून, प्रत्येकाचं टोक जरा फिकं, आतली बाजू गडद. आणि उमलतं ते खालून, एक ओळ आज, दुसरी उद्या, अगदी सावकाश. वरच्या ओळी नवव्या दिवशीही मिटलेल्याच होत्या. ज्या बाईला एका पानाला सहामाही लागायची, तिने एवढे हुक दीड दिवसात कुठवर काढले असतील? खालच्या दोन ओळी, फार तर तीन. अजून तास दिला असता तर चार हुक, पाच हुक. तासाने ते चित्र पुरं होणार नव्हतं, हे तिला त्या दुपारी माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिने तो तास मागितला होता, ते फूल नुसतं बघायला.